जिभाऊंची लंडनहून आलेली पत्रं: फोटो नक्की कोणी काढले?

बोरीकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण जुन्या स्टुडिओंत हयात घालवलेले लोक इथे आहेत म्हणून मांडते. जरा लांबेल.

आम्ही मूळ अमळनेरचे, मी आता जळगावला असते. बापू, म्हणजे माझे वडील, मागच्या दिवाळीनंतर गेले. जुनं धाब्याचं घर रिकामं करताना धान्याच्या कोठीमागे पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात बापूंच्या थोरल्या भावाची पत्रं आहेत. सगळं घर त्यांना जिभाऊ म्हणायचं, म्हणून मीही तेच लिहिते. लंडनहून आलेली ४३ पत्रं, सगळी निळी एरोग्राम, म्हणजे घडी घालून पाठवायची हवाई टपालाची पत्रं, सहा पेन्सचं तिकीट वरच छापलेली. पहिलं सप्टेंबर १९६१ चं, शेवटचं १९६६ च्या ऑगस्टमधलं. सोबत खाकी पाकिटात ११ फोटो.

जिभाऊ फोटो काढायला शिकले ते यात्रेत. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली की बोरीच्या कोरड्या पात्रात स्टुडिओचा तंबू लागायचा. मागे रंगवलेला पडदा, पुढे एक खुर्ची, आणि खेड्यापाड्यांतून आलेली नवी जोडपी. आधी पडदा धरायला, मग प्लेटा धुवायला, मग कॅमेऱ्यामागे, असं त्यांचं शिक्षण. रद्दीतून त्यांना 'टॅटलर' या इंग्रजी नियतकालिकाचे जुने अंक मिळाले. लॉर्ड लोकांची लग्नं, नाचाच्या मेजवान्या, घोड्यांच्या शर्यतींना आलेल्या टोपीवाल्या बायका. असे फोटो काढणं हाच तिकडे एक वेगळा धंदा आहे, त्याला सोसायटी फोटोग्राफर म्हणतात, हे त्यांना तिथून कळलं. त्यातच मे १९६० मध्ये इंग्लंडच्या राणीच्या बहिणीचं लग्न अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्सशी झालं. तो फोटोग्राफर. जिभाऊंनी ते कात्रण आबांपुढे, म्हणजे माझ्या आजोबांपुढे ठेवलं आणि विचारलं, हा धंदा हलका कसा? आबांनी बैलजोडी विकली. जिभाऊ अमळनेरहून सुरतेच्या गाडीने मुंबईला गेले, बॅलार्ड पियरला बोटीत बसले आणि एडन, सुएझ करत लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. खिशात तीन पौंड होते असं पहिल्याच पत्रात आहे.

आता पत्रांबद्दल. एरोग्रामवर इंग्रजीत छापलेलं असतं की आत काही घालू नये, घातलं तर साध्या टपालाने जाईल. म्हणजे फोटोग्राफर माणूस आईला पत्र लिहितोय आणि फोटो घालता येत नाही. म्हणून जिभाऊ फोटो शब्दांत लिहायचे. एक उतारा जसाच्या तसा देते, जून १९६२ चा:

"माय, शनिवारी एका लॉर्डाच्या पोरीच्या लग्नाचा फोटो काढला. नवरी पांढऱ्या कपड्यात. इथं तेच शुभ. झग्याचं शेपूट एवढं लांब की आपल्या ओट्यापासून आडापर्यंत पुरेल, दोन लहान पोरं ते उचलून चालतात. बाप सरळ उभा, छातीवर बिल्ले. पोरगी गाडीत बसली तसं त्यानं तोंड फिरवलं. तेवढं मात्र आपल्यासारखंच."

आणि हा बापूंसाठी, फेब्रुवारी १९६३ चा. त्या वर्षी तिकडे नाताळानंतर बर्फ पडलं ते मार्चपर्यंत वितळलं नव्हतं:

"छोट्या, चैत्र-वैशाखात आपण बर्फाची लादी आणून डेव्हलपरचा ट्रे तिच्यावर ठेवायचो, आठवतं? इथं उलटं आहे. ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवतात, नाहीतर चित्र वरच येत नाही. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकलं की खोली तापते. ते संपलं की मी कोट घालून झोपतो. हे मायला वाचून दाखवू नको."

जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी अहिराणीत एकच ओळ: "मी आठे बरा शे. लवकर येसू." आलेच ते शेवटी, जानेवारी १९६७ मध्ये. फोटो त्यांनी सोबतच आणले असणार. पुढे पंचवीस वर्षं त्यांनी जळगावात छोटा स्टुडिओ चालवला. पासपोर्टचे फोटो, दहावीच्या फॉर्मचे फोटो, साखरपुडे. माझा दहावीचा फोटो त्यांनीच काढला. "हनुवटी जराशी खाली घे, पोरी," एवढंच त्यांचं बोलणं आठवतं. लंडनबद्दल त्यांनी कधी अक्षर काढलं नाही. १९९४ ला गेले.

आणि आता माझा प्रश्न. बापू शेवटच्या आजारपणात एका रात्री अचानक म्हणाले, "जिभाऊ मायला खोटं लिहायचा. तिथं त्याला कॅमेऱ्याला हात लावू देत नव्हते." मी त्यांना पुढे काही विचारलं नाही, विचारायला हवं होतं. आजी मात्र मरेपर्यंत गल्लीत सांगायची की माझ्या पोरानं लॉर्डांच्या लग्नाचे फोटो काढले. आता फोटो उलटून बघते तर दहांच्या मागे लंडनच्या एका स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने आकडे. जिभाऊंचं नाव कुठेच नाही. अकरावा पुठ्ठ्याला चिकटलाय, त्याची मागची बाजू दिसत नाही.

फोटो कोणी काढला हे फोटोवरून कळू शकतं का? आणि हे सगळं टिकवायचं कसं? जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे.

लाल बल्ब:

ताई, मी भुसावळचा. अडतीस वर्षं डार्करूममध्ये काढली, म्हणून उत्तर देतो.

शिक्क्याचं मनावर घेऊ नका. आमच्या स्टुडिओतही मी काढलेल्या हजारो फोटोंमागे मालकाच्याच नावाचा शिक्का आहे. दुकान ज्याचं, शिक्का त्याचा. शिक्का नाही म्हणून त्यांनी काढला नाही असं ठरत नाही, आणि काढला असंही ठरत नाही.

पण एक गोष्ट समजून घ्या. त्या काळात अशा लग्नाला एक माणूस कधीच जात नसे. कॅमेरा बहुतेक रोलीफ्लेक्स किंवा तसाच, १२० चा रोल, त्यात बारा फोटो. बारा झाले की रोल बदलायचा आणि तोवर नवरी चर्चच्या पायरीवर थांबत नाही. म्हणून दोन कॅमेरे. एकाने काढायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून दुसरा भरून हातात द्यायचा. लाइट मीटर त्याच्याकडे, फ्लॅशचा दांडाही त्याच्याकडे. सावली नाकाच्या कुठल्या बाजूला पडणार हे फ्लॅश धरणाऱ्याच्या हातात असतं. नंतर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग काढायचे, प्रिंटवर ब्रशने पांढरे ठिपके भरायचे. तेही बहुतेक तोच करतो.

फोटो उजेडात तिरका धरून बघा. ब्रश फिरलेल्या जागी चकाकी कमी दिसते. तसे ठिपके दिसले तर कोणाचे तरी हात तिथे तासभर फिरलेत, एवढं नक्की. आणि घरातल्या फोटोंत मागे आरसा किंवा काळी काच असेल तर भिंगाखाली बघा. पोटाशी कॅमेरा धरून मान खाली घातलेला तो काढणारा. हात वर केलेला तो सहाय्यक.

अकरावा फोटो किती मोठा आहे?

दादरची भाकरी:

कोणाला राग आला तरी चालेल, पण मला बापूंचं म्हणणं पटतं. माझा चुलता आखातात गेला, पत्रात सुपरवायझर लिहायचा आणि होता हमाल. त्याच्या पत्रांवर विसंबून घरच्यांनी कर्ज काढलं. तुमच्या आजोबांची बैलजोडी गेली हे वाचून पोटात तुटलं. घरच्यांना खरं कळायला हवं होतं, कसंही असलं तरी.

पांझराकाठ:

मूळचा धुळ्याचा, चौदा वर्षांपासून लंडनमध्ये आहे. इकडच्या बाजूचं सांगतो.

तुमचे जिभाऊ अगदी वेळेत पोहोचले. १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलातल्या लोकांना इथे कामासाठी यायला व्हाउचर, म्हणजे कामाचा परवाना, लागायला लागलं. १९६१ ला भारतीय पासपोर्टवर सरळ उतरता येत होतं. त्यांचं नाव बोटीच्या यादीत शोधायचा विचार असेल तर तो सोडा. इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या १९६० पर्यंतच्याच आहेत.

धंद्याच्या दृष्टीने मात्र त्यांना उशीर झाला होता. उन्हाळ्यातल्या महिन्यांना इथे 'सीझन' म्हणतात. अ‍ॅस्कॉटच्या शर्यती, हेन्लीच्या बोटी आणि वयात आलेल्या श्रीमंत मुलींचे नाच. त्या मुलींना राणीपुढे नेण्याची पद्धत १९५८ ला बंद झाली. नाच पुढे चालू राहिले, पण त्यातला मान गेला. आणि ६० च्या दशकात डेव्हिड बेली, टेरेन्स डोनोव्हन, ब्रायन डफी हे लंडनच्या साध्या घरांतले तरुण पुढे आले. मासिकांना त्यांच्यासारखे फोटो हवे झाले. पडदा लावून, खुर्चीत बसवून फोटो काढणाऱ्या जुन्या स्टुडिओंचं गिऱ्हाईक तुटत गेलं. अशा स्टुडिओत सहाय्यकाचा मालक कधी होणार?

आणखी एक, कायद्याचं. इथला १९५६ चा कॉपीराइट कायदा फोटोचा 'कर्ता' कोणाला म्हणायचा? ज्याने बटण दाबलं त्याला नाही. फोटो काढताना फिल्म ज्याच्या मालकीची, तो कर्ता. म्हणजे जिभाऊंनी स्वतः बटण दाबलं असतं तरी कागदोपत्री फोटो स्टुडिओचाच राहिला असता. मागे नाव नाही यात आश्चर्य नाही.

पेन्सिलीचे आकडे जपून ठेवा, ते बहुधा निगेटिव्हचे क्रमांक असतील. काही जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह इथल्या संग्रहालयांत आहेत. बसानो नावाच्या स्टुडिओच्या निगेटिव्ह नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. तुमच्या शिक्क्यावरचं नाव मला खासगीत कळवा, मी चौकशी करतो.

आखाजी:

मी पारोळ्याची, वय ७६. मला फोटोतलं काही कळत नाही, पण पत्रांतलं कळतं.

मी नऊ वर्षांची असल्यापासून गल्लीतल्या बायकांना पत्रं वाचून द्यायची. कोणाचा मुलगा लष्करात, कोणाचा नवरा मुंबईला गिरणीत. बाई समोर जोंधळे निवडत बसलेली असायची आणि मी वाचायची. पत्रात "प्रकृती बरी आहे" एवढंच असलं तर तिचं तोंड पडायचं. मग मी जोडायची, "तुझी फार आठवण येते." पत्रात तसं काही नसायचं. एकदा एका पत्रात पैसे पाठवू शकत नाही असं होतं. मी ते वाचलंच नाही. पुढल्या महिन्यात ती बाई पोस्टात तीन चकरा मारून आली आणि मी घरात लपून बसले. ते अजून छळतं मला.

तुझी आजी वाचू शकायची का गं? नसेल तर पत्र कोण वाचायचं? तिनं जे ऐकलं तेच पत्रात होतं, हे आधी पडताळून बघ. मग खरं-खोटं ठरव.

चाळीसगाव डाउन:

टिकवण्याबद्दल, कारण कागदांचं काम करतो. लॅमिनेशन अजिबात नको. फाटलेल्या घडीला सेलोटेप नको, काही वर्षांत ती पिवळी पडून कागद खाते. एरोग्राम हलक्या हाताने उघडून सपाट ठेवा आणि तिकीट कापू नका, शिक्क्याची तारीख त्यावरच आहे. आधी दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा, म्हणजे मूळ पुन्हा पुन्हा हाताळावे लागणार नाहीत. पत्रं आणि फोटो वेगळे ठेवा, मध्ये आम्लरहित कागद घाला. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या वापरू नका. फोटोच्या कडेला चांदीसारखी झाक असेल तर पुसू नका, ती जुन्या प्रिंटवर येतेच. पेटी पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला नको. खालच्या मजल्यावरची आतली खोली सगळ्यात बरी. पुठ्ठ्याला चिकटलेला फोटो ओढू नका, वाफही देऊ नका.

वेळ काढून चाळीसगावला स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर बघा, आता तिथे संग्रहालय आहे. मूस १९१२ चे, मुंबईत जन्मलेले. इंग्लंडला शेफील्डला जाऊन शिकले, परत आले आणि १९८९ ला जाईपर्यंत चाळीसगावच्या त्याच घरात राहून काम करत राहिले. खान्देशात परत येऊन एका माणसाने काय काय केलं ते भिंतींवर आहे. मी लहानपणी वडिलांचा हात धरून गेलो होतो, अजून जातो.

बोरीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण आखाजीताईंचं वाचल्यावर मी पत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली, हातात पेन्सिल घेऊन.

आधी लाल बल्ब दादांचं. एका फोटोत नवरी जिन्यात उभी आहे आणि मागे खरोखरच आरसा आहे. भिंगाखाली दोन माणसं दिसतात. एक पोटाशी कॅमेरा धरून मान खाली घातलेला, जाडसर, टक्कल पडलेला. दुसरा किडकिडीत, उजवा हात वर. चेहरा फ्लॅशच्या उजेडात पांढरा झालाय, पण कान ओळखू येतात. आमच्या घरात सगळ्यांचे कान तसेच आहेत, माझेही. ब्रशचे ठिपकेही दिसले, नवरीच्या गळ्याशी आणि पडद्यावर.

म्हणजे बापू म्हणाले ते खरं होतं. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता.

पण आता पत्रांचं सांगते. मी मोजलं. ४३ पत्रांत फोटोचा उल्लेख ६८ वेळा आहे. "फोटो काढला", "फोटो झाला", "चांगला आला". वर दिलेला उतारा बघा, त्यातही तसंच आहे. "मी काढला" असं जिभाऊंनी लिहिलंच नाही. आपल्या भाषेत ते चालून जातं, कोणी काढला ते न सांगता वाक्य पुरं होतं. स्वतःबद्दल ते सगळीकडे मोकळेपणाने "मी" लिहितात. मी जेवलो, मी आजारी होतो, मी कोट घालून झोपतो. जून १९६६ ला रुपयाची किंमत उतरली तेव्हा लिहितात, "मी पाच पौंड पाठवले की आता सहासष्टऐवजी एकशे पाच रुपये मिळतील, आबांना सांग." फक्त फोटोच्या वाक्यांत "मी" नाही. चुकून असं होत नाही. पाच वर्षं त्यांनी प्रत्येक वाक्य सांभाळून लिहिलंय.

मग आजीला कोणी सांगितलं? धुळ्याला आत्याला फोन केला, ती ऐंशीची आहे. ती लगेच म्हणाली, बापूच वाचायचा, ओट्यावर बसून. जिभाऊ गेले तेव्हा बापू अकरा वर्षांचे. आजी दर वेळी मध्येच थांबवून विचारायची, "फोटू कोनी काढा?" आणि बापू म्हणायचे, "जिभाऊनी काढा." आत्याला तो आवाजसुद्धा आठवतो.

बापूंना खरं कधी कळलं, जिभाऊ परत आल्यावर की नंतर, ते आता विचारायला कोणी नाही. दोघं भाऊ जळगावात तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहायचे आणि रोज संध्याकाळी एकमेकांकडे बसायचे. बोलणं कमी असायचं, पण बसायचे. दादरची भाकरी दादा, बैलजोडीचं तुमचं म्हणणं मी मनात ठेवलंय. पुढच्या पत्रांत बैलांसाठी पैसे पाठवल्याच्या नोंदी आहेत, १९६५ ला नवी जोडी आली.

आता अकरावा फोटो. तो लहान आहे, चौकोनी, सव्वादोन इंचाचा. लाल बल्ब दादांनी खासगीत सांगितलं की हा एन्लार्जरशिवाय, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्राशिवाय, निगेटिव्हवर कागद ठेवून काढलेला प्रिंट आहे, कागद वाचवून स्वतःसाठी करतात तसा. फोटोत एक बाई मागच्या दारात उभी आहे, एप्रन घातलेला, बाह्या दुमडलेल्या, हात ओले असावेत म्हणून अंगापासून लांब धरलेले. हनुवटी जराशी खाली. मला आधी वाटलं होतं की लग्नातला एखादा फुकट गेलेला फोटो असेल.

"मी काढला" लिहिलं नाही असं वर म्हटलं, पण एक पत्र तेवढं वेगळं निघालं. ३१ वं, मे १९६५ चं. त्यातलं देते:

"माय, लग्नघरची स्वयंपाकीण आयर्लंडची आहे. तिनं मला चहा दिला आणि विचारलं, माझा एक काढशील का, आईला पाठवायचाय, सात वर्षं तिनं मला पाहिलं नाही. साहेब जेवायला गेले होते. कॅमेऱ्यात एक शेवटचा शिल्लक होता. मी काढला. दोन प्रती केल्या. एक तिनं आईला पाठवली. एक माझ्यापाशी आहे, आलो की दाखवतो."

आजीला त्यांनी तो दाखवला का, हे आत्याला आठवत नाही.